केबलचा बॉक्स काढून टीव्हीमागे छोटा पीसी लावावा का?

खटपट्या ठाणेकर

मंडळी, मत स्पष्टच मांडतो, म्हणजे ठोकायला सोपं जाईल. ज्या घरात फायबरचं इंटरनेट आहे, तिथे केबलचा सेट-टॉप बॉक्स ठेवायला आता कारण उरलेलं नाही. आणि त्याच्या जागी टीव्हीला खोचायची ॲपवाली स्टिक नको, टीव्हीच्या मागे मावणारा छोटा पीसी लावावा.

आधी पैशांचं. १ फेब्रुवारी २०१९ ला ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर लागू झाले तेव्हा "हवं तेवढंच घ्या, तेवढ्याचेच पैसे भरा" असं आपल्याला सांगितलं गेलं. हातात काय पडलं? १३० रुपये नेटवर्क फी, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे नुसते दारात उभं राहण्याचे. पैशाच्या वाहिन्या वेगळ्या. जुलै २०२४ मध्ये ट्रायने १३० ची ती मर्यादाही काढली, आता कंपनी ठरवेल ती फी. आणि बुके (वाहिन्यांचा गठ्ठा) घेतला की नको असलेल्या वाहिन्या गळ्यात आहेतच.

आता बघतो काय आपण? बातम्या. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, साम या सगळ्या यूट्यूबवर चोवीस तास फुकट थेट दिसतात. मालिका झी मराठीची असेल तर झी५, स्टार प्रवाह किंवा कलर्स मराठीची असेल तर जिओहॉटस्टार, सोनी मराठीची सोनी लिव्हवर. रात्री साडेआठलाच टीव्हीसमोर बसायची सक्ती नाही.

यंत्राबद्दल. इंटेलची एन१०० ही चिप २०२३ च्या सुरुवातीला आली आणि या कामाचं गणितच बदललं. चार कोर, ६ वॅटची चिप, एव्ही१ आणि एचईव्हीसी या व्हिडिओ दाबण्याच्या दोन्ही पद्धती हार्डवेअरवर उलगडते, त्यामुळे ४के चित्रपटालाही पंखा जेमतेम फिरतो. तळहाताएवढा डबा, पंधरा हजारांच्या आसपास. त्यावर कोडी हे चित्रपट-गाणी लावायचं सॉफ्टवेअर टाका. (जुन्या लोकांना एक्सबीएमसी आठवत असेल, तेच २०१४ पासून कोडी झालं.) घरातली लग्नाची, मुंजीची कॅसेटवरून उतरवलेली चित्रणं, गाण्यांच्या सीड्या, सगळं एका हार्डडिस्कवर. जेलीफिन (घरातल्या घरात व्हिडिओ पाठवणारं सॉफ्टवेअर) टाकलंत तर तेच आतल्या खोलीतल्या टॅबवरही दिसतं.

स्टिक का नको, तर ती विकत आपण घेतो आणि तिचा पहिला पडदा कंपनीचा असतो. टीव्ही लावला की आधी जाहिरात. साठवायला फारशी जागा नाही, आणि अपडेट बंद झाले की ती गेली कचऱ्यात. पीसीवर काय ठेवायचं हे मी ठरवतो.

बोला आता.

साधाभोळा

ओटीटीचे पैसे कुठे धरलेत? झी५, जिओहॉटस्टार, सोनी लिव्ह तिन्ही घ्यायची, वर फायबर, वर पंधरा हजारांचा डबा. केबलवाल्याला जे देत होतात ते आता चार जणांना वाटून देताय, इतकाच फरक दिसतोय मला.

खटपट्या ठाणेकर

फायबर घरात आहेच, मुलांच्या अभ्यासाला आणि माझ्या नोकरीला ते लागतंच. ते टीव्हीच्या खात्यात का टाकायचं? आणि तिन्ही ओटीटी बारा महिने घ्यायला कुणी सांगितलंय? एक महिना हे, एक महिना ते.

पिक्सेल हवालदार

धागाकर्त्याने एक मोठी गोष्ट गालिच्याखाली ढकलली आहे, ती बाहेर काढतो.

ओटीटी कंपन्या चित्र कुलूप लावून पाठवतात. स्टिक किंवा अँड्रॉइड टीव्हीमध्ये वाइडवाइन या कुलपाची वरची पातळी, एल१, चिपमध्येच बसवलेली असते. लिनक्सवरच्या ब्राउझरला मिळते एल३, आणि एल३ दिसलं की बहुतेक कंपन्या दर्जा खाली आणतात, काही ठिकाणी तर थेट जुन्या एसडीवर. म्हणजे डबा ४के दाखवू शकतो, टीव्ही ४के आहे, पैसे तुम्ही ४के चे भरलेत आणि पडद्यावर धुरकट चेहरे. विंडोज ठेवून एज ब्राउझरमधून नेटफ्लिक्स ४के मिळतं, पण त्यालाही एचईव्हीसीचं एक्स्टेन्शन हवं, टीव्हीच्या त्या पोर्टला एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी सोय) हवं, आणि इतर ॲप ब्राउझरमध्ये काय देतील याची हमी नाही. पाच हजारांच्या आतली स्टिक हे सगळं मुकाट्याने करते.

दुसरं, जे फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडचं टीव्ही प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेमचं, ५० हर्ट्झच्या हिशोबाचं. पीसी मात्र आपणहून ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलत चालतो. २५ आणि ६० चा भाग पूर्ण जात नाही, त्यामुळे बातम्यांखालची सरकती पट्टी अडखळत जाते, क्रिकेटमध्ये चेंडू सीमारेषेकडे उड्या मारत जातो. कोडीत रिफ्रेश रेट जुळवून घेण्याची सोय आहे, ब्राउझरमध्ये नाही. सेट-टॉप बॉक्सला हे मुळात शिकवावंच लागत नाही.

खटपट्या ठाणेकर

हवालदार, पट्टीचं मान्य. मी डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ करून ठेवलं आहे, अडखळणं गेलं. दर्जाचं म्हणाल तर आमचा टीव्ही ४३ इंची, बसतो आम्ही दहा फुटांवर. त्या अंतरावरून फुल एचडी आणि ४के मधला फरक ओळखून दाखवणाऱ्याला माझ्याकडून मिसळ.

पिक्सेल हवालदार

मग ५० वर यूट्यूबचे ६० फ्रेमचे व्हिडिओ अडखळणार. मिसळ कुठली, मामलेदारची का?

सूनबाई नाशिक

वरची सगळी चर्चा रिमोट हातात असलेल्या पुरुषांची चालली आहे असं वाटतं (हलकेच घ्या).

आमच्याकडे हा प्रयोग झाला. नवऱ्याने हौसेने डबा आणला, मांडला, आणि सोमवारी कामाला निघून गेला. घरात राहिलो मी आणि सासूबाई. त्यांना वाहिन्यांचे नंबर पाठ आहेत. तीन आकडे दाबले की त्यांची मालिका लागते, डोळे मिटूनसुद्धा. पीसीवर काय करायचं? आधी टीव्हीच्या रिमोटने टीव्ही चालू, मग एचडीएमआय दोन निवडा, मग तो हवेत हलवायचा माउस घ्या, त्याचा बाण पडद्यावर शोधा, मग ॲप, मग "कोण बघतंय?" असं विचारणारी चार तोंडं, त्यातलं आपलं तोंड निवडा, मग शोधा. हात थरथरतो त्यांचा, बाण भलतीकडेच जातो. एकदा तर भर मालिकेत विंडोजने स्वतःला अपडेट करायला घेतलं. टीव्ही रिमोटने बंद केला तरी मागे पीसी चालूच राहतो, ते वेगळंच.

आणि पासवर्ड! लॉगआउट झालं की ओटीपी येतो नवऱ्याच्या मोबाइलवर, नवरा मीटिंगमध्ये. सासूबाई म्हणाल्या, "माझी मालिका बघायला मी मुलाची परवानगी मागू?"

केबलवाल्याला फोन केला की संध्याकाळपर्यंत पोरगा येतो, वायर खोचून जातो. त्या महिन्याच्या बिलात हेही आलं. तुमच्या डब्याचा तंत्रज्ञ कोण? तुम्हीच. तुम्ही गावाला गेलात की टीव्ही बंद.

खटपट्या ठाणेकर

सूनबाई, रिमोटवर उपाय आहे. फ्लर्क नावाची छोटी यूएसबी मिळते, तिला जुन्याच रिमोटची बटणं शिकवता येतात. टीव्हीबरोबर पीसी चालू-बंद व्हायला सीईसीचा ॲडॉप्टरही मिळतो. नंबर दाबला की ठरावीक दुवा उघडेल असंही बसवता येतं, मी लिहून देतो.

सूनबाई नाशिक

म्हणजे आणखी दोन वस्तू, आणि त्या बसवायला पुन्हा तुम्हीच. माझा मुद्दा तोच होता.

कोएक्स सांगली

मी केबल व्यवसायातला, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा, पण आकडे ऐका. लोकांना वाटतं बिल म्हणजे केबलवाल्याची कमाई. नेटवर्क फीमध्ये वेगळं काही ठरलं नसेल तर ५५ टक्के वरच्या एमएसओला (आम्हाला सिग्नल देणाऱ्या मोठ्या कंपनीला), ४५ आम्हाला. पैशाच्या वाहिनीवर वितरणाचा वाटा किमान २० टक्के, त्यातूनही एमएसओ आणि आम्ही. बाकी वाहिनीवाल्याचं. त्यातून वायर, ॲम्प्लिफायर, खांबाचं भाडं, वरून पडलेली फांदी, माकडं. वसुलीला दारोदार जायचं, "उद्या या" ऐकायचं.

आता गंमत. खटपट्यांच्या घरातलं ते फायबर अनेक गावांत टाकलंय कुणी? आमच्यासारख्याच केबलवाल्याने. टीव्हीचं गिऱ्हाईक गेलं तर आम्ही त्याला इंटरनेट विकतो, त्यामुळे तुम्ही पीसी लावा नाहीतर स्टिक लावा, मला रडायचं कारण नाही. पण एक सांगतो, फायबर तुटलं की त्या घरात आता टीव्ही पण गेला, मुलांचा क्लास पण गेला, फोनवरचं बोलणं पण गेलं. पूर्वी निदान एक वायर तुटली तर दुसरी चालू असायची. पावसाळ्यात रस्ते खोदायला घेतात तेव्हा मला येणारे फोन ऐका एकदा.

गावातल्या गणपतीची मिरवणूक, यात्रेतल्या कुस्त्या आम्ही स्थानिक वाहिनीवर दाखवतो. ते कुठल्या ॲपवर आहे?

किरकिऱ्या

कुस्त्यांचं मान्य, पण आता मंडळांचीच पोरं मोबाइलवरून यूट्यूबला थेट सोडतात की.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितो. ही पीसीची कल्पना मुळात इकडची, आणि इकडे ती का चालली हे समजून घेतलं तर तिकडे ती अर्धवट का वाटते तेही कळेल.

अमेरिकेत मोठी नेटवर्कं, एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स आणि सार्वजनिक पीबीएस, अँटेनावर फुकट मिळतात. १२ जून २००९ ला इथली मोठी केंद्रं पूर्ण डिजिटल झाली, तेव्हापासून छपरावरच्या साध्या अँटेनावर एचडी चित्र, तेही केबलपेक्षा कमी दाबलेलं. पीसीत अँटेनाचं प्रक्षेपण पकडणारं ट्यूनर कार्ड घातलं की झालं: वेळापत्रक, रेकॉर्डिंग, जाहिराती वगळणं. मायक्रोसॉफ्टचं मीडिया सेंटर त्यासाठीच लोकप्रिय होतं, विंडोज १० बरोबर त्यांनी ते गुंडाळलं. आमच्या घरी अजून अँटेना आणि नेटवर्क ट्यूनर चालतो. न्यूयॉर्कची केंद्रं इथून व्यवस्थित लागतात.

म्हणजे इकडे पीसी खरोखर केबलची जागा घेत होता, कारण हवेतून मिळणारं त्याला रेकॉर्ड करता येत होतं. भारतात जमिनीवरून प्रक्षेपणाचा हक्क दूरदर्शनचाच. तुमचा पीसी रेकॉर्ड काहीच करत नाही, तो ॲप उघडतो. ॲप उघडायलाच पीसी हवा का?

(इकडेही आता एटीएससी ३.० या नव्या प्रक्षेपणात बऱ्याच केंद्रांनी कुलूप घालायला सुरुवात केली आहे. त्यामुळे फार हेवा करू नका.)

छत्रीवाला

एडिसनकरांनी अर्धं सांगितलं, उरलेलं मी सांगतो. आपल्याकडे हवेतून नाही, पण आकाशातून फुकट आहे: डीडी फ्री डिश. २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालं, आज चार कोटींहून जास्त घरांत आहे, महिन्याचं भाडं शून्य. छत्री जीसॅट-१५ उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेला वळवायची. पीसीला उपग्रहाचं प्रक्षेपण पकडणारी डीव्हीबी-एस२ ची यूएसबी ट्यूनर लावायची, त्यावर टीव्हीहेडएंड हे सॉफ्टवेअर. ज्या वाहिन्या कुलूपबंद नाहीत त्या कोडीमध्ये नंबरसकट दिसतात आणि रेकॉर्डही होतात. सह्याद्रीवरच्या बातम्या, जुन्या कार्यक्रमांचं पुनःप्रसारण मी असंच साठवतो. इंटरनेट बंद असलं तरी चालतं. सांगलीकरांच्या तुटलेल्या फायबरला हे उत्तर.

छोट्या पीसीचा खरा उपयोग हा. ओटीटीसाठी तो घेणं म्हणजे ट्रॅक्टरने कोथिंबीर आणायला जाणं.

साधाभोळा

पण फ्री डिशवर झी मराठी नाही ना? खाजगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, यंदा असलेली वाहिनी पुढल्या वर्षी गायब. सूनबाईंच्या सासूबाई काय बघणार?

छत्रीवाला

हे खरं आहे. मालिका बघणाऱ्या घरासाठी नाहीच ते.

शेजारचा बाळू

तुम्ही सगळे क्रिकेट विसरलात. ॲपवर सामना केबलच्या मागे असतो, कधी वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. भिंतीपलीकडून "आऊट!" ऐकू येतं तेव्हा आमच्याकडे गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला उभा असतो. पंधरा हजार घालून शेजाऱ्याकडून निकाल ऐकायचा?

पिक्सेल हवालदार

बाळू, भारताचे एकदिवसीय आणि टी२० सामने २००७ च्या कायद्याने खाजगी वाहिनीला दूरदर्शनबरोबर वाटून घ्यावे लागतात. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते चित्र दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच, खाजगी केबल-डीटीएचवरच्या दूरदर्शनवर नाही. त्यामुळे भारताच्या सामन्यांसाठी छत्री कामाची. आयपीएल त्या कायद्यात येत नाही, तिथे शेजाऱ्याचं ऐकावंच लागेल.

गुपचूप

कशाला एवढी डोकेफोड? बाजारात अँड्रॉइड बॉक्स मिळतो, सगळ्या वाहिन्या फुकट, एकदाच पैसे. हवं असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पिक्सेल हवालदार

व्यनि करू नका कुणी. त्या चोरीच्या वाहिन्या आहेत, आणि तसल्या बिनानावाच्या डब्यांत आधीपासूनच मालवेअर भरलेलं सापडलं आहे. बॅडबॉक्स हे त्या प्रकरणाचं नाव, २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्यावर इशाराही दिला. तुमच्या घरच्या इंटरनेटवरून दुसऱ्याचे उद्योग चालतात.

खटपट्या ठाणेकर

एडिसनकर आणि छत्रीवाले, दोघांचा मुद्दा चांगला आहे, पण "ॲपसाठी पीसी कशाला" हे मला पटलेलं नाही. स्टिकवर मी जाहिरात बंद करू शकत नाही, पीसीवर ब्राउझरमध्ये करू शकतो. स्टिकवर माझ्या आईच्या भजनांचं चित्रण कुठे ठेवू? आणि पुढच्या वर्षी एखादं ॲप "हे उपकरण आता चालणार नाही" म्हणालं, तर पीसीवर मी ब्राउझर बदलेन, तुम्ही स्टिक बदलाल. बाकी ट्यूनर मागवतोय. छत्रीवाले, सोसायटीच्या गच्चीवर छत्री लावायला सेक्रेटरी नाही म्हणतात. खिडकीच्या ग्रिलला लावली तर चालेल का? आमची खिडकी पश्चिमेला आहे.

छत्रीवाला

पश्चिमेला नाही चालणार. ठाण्यातून ९३.५ अंश म्हणजे दक्षिणेच्या डावीकडे, आग्नेयेच्या बाजूला. त्या दिशेला खिडकी असलेला शेजारी शोधा.

शेजारचा बाळू

शेजारी मिळाला की आधी विचारा, त्याच्याकडे केबल आहे का.