कॉलेज फुटबॉलमधील खानदानी घराणी नेमकी कोणती? नेब्रास्काला ठेवायचे की वगळायचे?

पन्नास_यार्ड (प्रश्न)

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की आठ विद्यापीठांची नावे एका दमात घेतली जातात: अलाबामा, मिशिगन, नोटर डेम, ओहायो स्टेट, ओक्लाहोमा, नेब्रास्का, टेक्सस आणि सदर्न कॅलिफोर्निया. ही आठ घराणी खानदानी आणि बाकीची कितीही जिंकली तरी काल-परवा श्रीमंत झालेली, असा एक अलिखित समज आहे. ही यादी कोणत्या निकषावर ठरली आणि तिच्यातून कोणी कधी बाहेर पडू शकतो की नाही, याचे समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

विजेतेपदे मोजायला घेतली, तर मिनेसोटा सात विजेतेपदे सांगते आणि टेक्ससकडे चारच आहेत. तरीही मिनेसोटाचे नाव कोणी घेत नाही. येल तर २७ विजेतेपदे सांगते, पण ती बहुतेक विसाव्या शतकाच्या सुरुवातीआधीची किंवा आसपासची आहेत. एकूण विजय मोजले, तर मिशिगनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मेरीलँडला हरवून एक हजारावा विजय सर्वांच्या आधी गाठला, हे निर्विवाद आहे; पण विजयांच्या बेरजेत दीडशे वर्षे खेळत राहिल्याचाही वाटा असतो. अलीकडचे यश पाहिले, तर नेब्रास्काने १९९९ नंतर स्वतःच्या कॉन्फरन्सचेही (ज्या स्पर्धागटात संघ खेळतो त्याचेही) विजेतेपद मिळवलेले नाही, आणि २०१७ ते २०२३ असे सलग सात हंगाम या संघाला हंगामाअखेर निवडक संघांना मिळणारा एकही बाउल सामना खेळायला मिळाला नाही.

म्हणून सरळच विचारतो. निकष कोणता मानावा? आणि नेब्रास्काला काढून तिची जागा मायामीला किंवा जॉर्जियाला द्यायला काय हरकत आहे?

जुनी_कात्रणे

विजेतेपदांची संख्या हा निकष मी तरी पहिल्याच फेरीत बाद करीन. या खेळाच्या सर्वोच्च श्रेणीत एनसीएए ही कॉलेज क्रीडांची राष्ट्रीय संघटना स्वतः विजेता ठरवतच नाही. अनेक दशके तो वर्तमानपत्रांचे मतदान, प्रशिक्षकांचे मतदान आणि हौशी गणितज्ञांची सूत्रे यांनी ठरवला, आणि एका वर्षी तीन-तीन विजेते निघाले तरी कोणाला त्यात वावगे वाटले नाही. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे मतदान १९३६ मध्ये सुरू झाले. पहिला आणि दुसरा क्रमांक एकमेकांसमोर आणण्याची पक्की सोय १९९८ मध्ये झाली. त्याआधीचे ‘विजेतेपद’ हे पुष्कळदा त्या विद्यापीठाने स्वतःच्या दारावर लावलेली पाटी असते.

अलाबामाचेच पाहा. हे विद्यापीठ १९४१ चे राष्ट्रीय विजेतेपद आपले म्हणून सांगते. त्या वर्षी हा संघ मिसिसिपी स्टेटकडून १४-० आणि व्हँडरबिल्टकडून ७-० असा हरला होता, स्वतःची कॉन्फरन्सही जिंकला नव्हता, आणि असोसिएटेड प्रेसच्या अखेरच्या यादीत विसावा होता. पहिला होता अपराजित मिनेसोटा. हूलगेट नावाच्या एका गणिती पद्धतीने मात्र अलाबामाला वर आणले, आणि पुढे तेवढ्या आधारावर ते वर्ष विजेतेपदांच्या यादीत जाऊन बसले.

दुसरे उदाहरण मला अधिक गमतीचे वाटते. १९७३ पर्यंत प्रशिक्षकांचे अखेरचे मतदान बाउल सामन्यांच्या आधी होत असे. त्या वर्षी त्यांनी अलाबामाला विजेता ठरवले, आणि ३१ डिसेंबरला शुगर बाउलमध्ये नोटर डेमने त्याच अलाबामाला २४-२३ असे हरवले. असोसिएटेड प्रेसने विजेतेपद नोटर डेमला दिले. एका सामन्यातले जिंकणारे आणि हरणारे असे दोघेही त्या वर्षाचे विजेते म्हणून मिरवतात! पुढच्याच वर्षापासून प्रशिक्षकांनी मतदान बाउलनंतर घ्यायला सुरुवात केली, यावरून त्यांनाही ते किती अवघड वाटले असेल याची कल्पना यावी.

अलाबामाचे खानदान या दोन वर्षांवाचून कमी होत नाही. ब्रायंट आणि सेबन या प्रशिक्षकांच्या वाट्याची प्रत्येकी सहा विजेतेपदे बाजूला ठेवली, तरी त्यांच्याआधीचे प्रशिक्षक वॉलेस वेड यांच्या काळापासून हा संघ मोठाच आहे. माझा आक्षेप फक्त बेरीज करून घराण्यांची उतरंड लावण्याला आहे.

चौथा_डाऊन

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे. त्याऐवजी मी एक साधी कसोटी लावतो: एकमेकांशी थेट संबंध नसलेल्या किती प्रशिक्षकांनी, किती वेगवेगळ्या काळांत हा संघ शिखरावर नेला? एक थोर प्रशिक्षक कुठेही उगवू शकतो. तो गेल्यावर संघ खाली येतो आणि वीस वर्षांनी दुसरा कोणीतरी त्याला पुन्हा वर नेतो, तेव्हा ती ताकद माणसाची नसून घराण्याची आहे असे म्हणता येते.

ओहायो स्टेटला पॉल ब्राउन, वूडी हेज, ट्रेसल, मायर आणि डे अशा पाच जणांनी विजेतेपद मिळवून दिले. पहिले १९४२ चे आणि अलीकडचे २०२४ च्या हंगामाचे. नोटर डेमचेही पाच आहेत: रॉकनी, लेही, पार्सेगियन, डिव्हाइन आणि होल्ट्झ. ओक्लाहोमाचे विल्किन्सन, स्विट्झर आणि स्टूप्स हे तिघे मिळून अर्धे शतक व्यापतात. मिशिगनमध्ये तर ज्यांचे नाव सगळ्यांत आदराने घेतले जाते, त्या बो शेम्बेक्लर यांना एकही राष्ट्रीय विजेतेपद मिळाले नाही. ते मिळाले त्यांच्यानंतर कार यांना १९९७ मध्ये आणि हार्बॉ यांना २०२३ मध्ये.

या कसोटीवर मायामी अडकते. १९७९ मध्ये प्रशिक्षक म्हणून श्नेलेनबर्गर आले, तेव्हा तिथे फुटबॉल गुंडाळण्याच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि १९८३ ते २००१ या काळात चार प्रशिक्षकांनी मिळून पाच विजेतेपदे जिंकली. चार हा आकडा मोठा आहे, पण तो सारा एकाच लाटेतला आहे. लाट ओसरल्यावर दुसरी विजेतेपदाची लाट आली, तर मी माझे मत बदलीन. नेब्रास्काचीही गत तीच आहे. १९६२ मध्ये डेव्हनी आले, त्यांनीच निवडलेले ऑस्बोर्न १९९७ पर्यंत राहिले. दोन प्रशिक्षक, एकच परंपरा, आणि ती संपली.

लिंकनचा_शनिवार

मी नेब्रास्काचा पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे त्या मापाने वाचता येईल.

‘एकच लाट’ हा शब्द पस्तीस वर्षांना लावणे मला पटत नाही. ऑस्बोर्न यांनी २५ हंगामांत २५५ सामने जिंकले आणि एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय मिळवले नाहीत. ज्या राज्याची लोकसंख्या जेमतेम वीस लाख, जिथे शाळांमधून तयार होणारे उत्तम खेळाडू टेक्सस किंवा फ्लोरिडाच्या तुलनेत मूठभर, तिथे शिष्यवृत्तीविना स्वखर्चाने संघात येणाऱ्या वॉक-ऑन मुलांना घडवून हे केले गेले. लिंकन शहरातल्या, नेब्रास्काच्या घरच्या मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटे १९६२ पासून प्रत्येक घरच्या सामन्याला संपत आलेली आहेत, आणि सामन्याच्या दिवशी ते मैदान राज्यातले तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते असे म्हणतात. हरणाऱ्या संघासाठी ही गर्दी टिकते, तेव्हा तिला खानदान नाही तर काय म्हणायचे?

आता मायामीचा विषय निघालाच आहे, तर २ जानेवारी १९८४ च्या रात्रीची आठवण केल्यावाचून राहवत नाही. नेब्रास्का अपराजित आणि पहिल्या क्रमांकावर, मायामी स्वतःच्या घरच्या मैदानावर, ऑरेंज बाउल. नेब्रास्का सुरुवातीला १७-० ने आणि शेवटच्या भागात ३१-१७ ने मागे होती. अखेरची ४८ सेकंद उरली असताना चौथ्या डाऊनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, जेफ स्मिथने टचडाउन केला (चेंडू गोलरेषेपार नेला) आणि गुण झाले ३१-३०. तेव्हा जादा वेळ नव्हता. टचडाउननंतर मिळणारी एका गुणाची साधी किक मारली असती तर सामना बरोबरीत सुटला असता, आणि अपराजित नेब्रास्काला बहुतेक मतदारांनी विजेतेपद दिले असते. ऑस्बोर्न यांनी किक मारली नाही. त्यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला. नेब्रास्काच्या टर्नर गिलने उजवीकडे धावत स्मिथकडे चेंडू फेकला, मायामीच्या केनी कॅल्हूनच्या बोटांचा त्याला निसटता स्पर्श झाला आणि चेंडू स्मिथच्या हातात बसला नाही. विजेतेपद मायामीला गेले. ऑस्बोर्न यांना पहिले विजेतेपद मिळायला आणखी अकरा वर्षे लागली. तेही त्याच मैदानावर, त्याच मायामीला २४-१७ असे हरवून मिळाले.

बरोबरी घेऊन विजेता म्हणवून घेण्यापेक्षा हरण्याचा धोका पत्करणाऱ्या संघाला तुमच्या यादीत जागा नसेल, तर यादीत दोष आहे.

बाकी २००३ मध्ये नऊ सामने जिंकून तीन हरलेल्या प्रशिक्षकाला नेब्रास्काने काढून टाकले, आणि त्यानंतर वीस वर्षे पस्तावण्यात गेली, हे मी नाकारत नाही.

काळी_पांढरी_रेघ

चर्चा उत्तम आहे, पण एका गोष्टीचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. १९७० च्या आधीची दक्षिणेतल्या विद्यापीठांची बहुतेक विजेतेपदे कृष्णवर्णीय खेळाडूंना दार बंद असताना मिळवलेली आहेत. टेक्ससचा १९६९ चा संघ हा केवळ गोऱ्या खेळाडूंचा शेवटचा राष्ट्रीय विजेता. पुढच्याच वर्षी सदर्न कॅलिफोर्नियाचा मिश्र संघ बर्मिंगहॅमला गेला आणि सॅम कनिंगहॅमने १३५ यार्ड धावून अलाबामाला त्यांच्याच अंगणात ४२-२१ असे हरवायला मदत केली.

ज्यांना आत घेतले जात नव्हते ते त्या काळात कुठे खेळत होते? लुइझियानातल्या ग्रॅम्बलिंगमध्ये एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ या काळात ४०८ विजय मिळवले. सुपर बाउल हा व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना जिंकून देणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक (संघाची चाल चालवणारा खेळाडू) डग विल्यम्स त्यांच्याच हाताखाली तयार झाला. ‘ऐतिहासिक’ हा शब्द प्रामाणिकपणे वापरायचा, तर आठांच्या यादीत ग्रॅम्बलिंग का नाही, याचे उत्तर फुटबॉलच्या मैदानाबाहेर शोधावे लागते.

जुनी_कात्रणे

हा मुद्दा मी विसरलो होतो, आणि तो योग्यच आहे.

त्याला जोडून शिकागो विद्यापीठाचेही नाव घेतो. एमोस अलोन्झो स्टॅग यांचा हा संघ, बिग टेन कॉन्फरन्सचा संस्थापक सदस्य. १९३५ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची पहिली हाइझमन ट्रॉफी मिळालेला जे बरवँगर इथलाच. १९३९ मध्ये विद्यापीठाने मोठे फुटबॉल स्वतःहून बंद केले. तीन वर्षांनी स्टॅग फील्डच्या प्रेक्षागाराखाली भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांनी पहिली नियंत्रित अणुशृंखला अभिक्रिया घडवली, म्हणजे मैदान अगदीच वाया गेले असे नाही. सांगायचे एवढेच की अशी घराणी बाहेर पडतात, आणि पडतात तेव्हा दोन पिढ्यांत कोणाला त्यांची आठवणही राहत नाही.

पन्नास_यार्ड

सर्वांचे आभार. चौथा_डाऊन यांची प्रशिक्षकांची कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटली, म्हणून मी ती सगळीकडे लावून पाहिली आणि एका अडचणीत सापडलो. जॉर्जियाला १९४२ मध्ये बट्स, १९८० मध्ये डूली आणि २०२१ व २०२२ मध्ये स्मार्ट यांनी विजेतेपद मिळवून दिले. तीन प्रशिक्षक, तीन वेगळे काळ, म्हणजे ओक्लाहोमाइतकेच. एलएसयूची (लुइझियाना स्टेट विद्यापीठाची) चार विजेतेपदे आणि चार वेगळे प्रशिक्षक, पहिले १९५८ चे आणि शेवटचे २०१९ चे. मग हे दोघे आत आले पाहिजेत. टेक्ससला मात्र डॅरेल रॉयल आणि मॅक ब्राउन या दोघांनीच विजेते केले आहे. नेब्रास्का दोन प्रशिक्षकांमुळे बाहेर जात असेल, तर टेक्सस कोणत्या हिशेबाने आत राहते?

चौथा_डाऊन

रॉयल यांचे शेवटचे विजेतेपद १९७० चे आणि ब्राउन यांचे २००५ चे. मधली पस्तीस वर्षे कोरडी गेली आणि तरीही संघ पुन्हा उभा राहिला, म्हणून टेक्सस आत. जॉर्जियाला मी आनंदाने घेतो. एलएसयूबद्दल मला विचार करावा लागेल, कारण त्यांची चारपैकी तीन विजेतेपदे सोळा वर्षांत आलेली आहेत, आणि तोच आक्षेप मी वर मायामीवर घेतला आहे.

लिंकनचा_शनिवार

टेक्ससला पस्तीस वर्षे थांबायची मुभा होती. नेब्रास्काचे शेवटचे विजेतेपद १९९७ चे आहे. त्याच हिशेबाने आम्हाला २०३२ पर्यंत मुदत द्यावी, ही विनंती.