रिंजानीच्या सेगारा अनाक सरोवरापर्यंत उतरावे का?

प्रश्न: ऑगस्टमध्ये आम्ही उभयता इंडोनेशियातील लोम्बोक बेटावर जाणार असून रिंजानी ज्वालामुखीच्या कड्यावरून उतरून सेगारा अनाक सरोवराकाठी मुक्काम करण्याचा विचार आहे. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड अनेकदा केले आहेत. तेवढा सराव पुरेल का, आणि चढाई कोणत्या गावातून सुरू करावी?

प्रतिसाद १: कळसूबाई 1646 मीटर आहे, तर रिंजानीचा कडाच 2600 मीटरच्या वर आहे. सेंबालुन गावाची वाट उघड्या गवताळ माळावरून जाते, त्यामुळे उन्हाचा त्रास होतो. सेनारू गावाची वाट जंगलातून, सावलीतून असली तरी तिची सुरुवात बरीच खालून होते. मी सेंबालुनने चढून सेनारूला उतरलो. खरी कसोटी कड्यापासून सरोवरापर्यंतच्या सुमारे 600 मीटर खडकाळ उतारावर लागते, कारण दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा चढायचे असते. गुडघे दुखत असतील तर कड्यावरूनच दर्शन घ्यावे, असे मी कळकळीने सांगेन.

प्रतिसाद २: जमल्यास अवश्य उतरा. 1257 साली रिंजानीला लागूनच असलेल्या सामालास ज्वालामुखीच्या प्रचंड उद्रेकानंतर पर्वतमाथा खचून विवर तयार झाले आणि त्यात हे सरोवर साचले. त्यातून वर आलेला बारुजारी शंकू आजही जागृत आहे. जवळच गरम पाण्याचे झरे आहेत. स्थानिक ससाक लोक आणि बालीचे हिंदू हे स्थान पवित्र मानतात, म्हणून काठावर कचरा टाकू नये.

प्रतिसाद ३: ऑगस्ट हा कोरडा हंगाम आहे, पण रात्री थंडी कडक असते. 2018 च्या भूकंपात दरडी कोसळून शेकडो गिर्यारोहक वर अडकले होते. म्हणून सरोवराची वाट खुली असल्याची खात्री रिंजानी राष्ट्रीय उद्यानाच्या कार्यालयातून आधी करून घ्यावी.