जुन्या मारुती ८०० चा ब्रेक पाईप गंजला आहे: तुकडा जोडावा की पूर्ण पाईप बदलावा?

गुहागरकर

आमच्याकडे २००३ सालची मारुती ८०० आहे. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे खाऱ्या वाऱ्यात दाराच्या बिजागऱ्यासुद्धा टिकत नाहीत, तिथे गाडीच्या तळाचे काय सांगावे! गेल्या आठवड्यात ब्रेक ऑईलच्या डबीतील पातळी खालच्या खुणेखाली गेलेली दिसली. भर घातली, तर चार दिवसांत ती पुन्हा उतरली. गाडीखाली पाहिल्यावर पेट्रोलच्या टाकीजवळ, ब्रेक पाईप ज्या क्लिपमध्ये बसतो तेथे, ओलसर डाग आढळला. तारेच्या ब्रशाने हलकेच घासले तेव्हा गंजाची खपली निघाली आणि तिच्या जागी ऑईलचा थेंब जमू लागला. आमच्या मिस्त्रींचे म्हणणे असे की, गंजलेला वीतभर तुकडा कापून तेथे तांब्याची नळी दोन जॉइंट लावून बसवता येईल. हे टिकेल का? आणि चिपळूणच्या गॅरेजपर्यंतचे चाळीसेक किलोमीटर गाडी सावकाश चालवत नेली तर चालेल का?

जुना फिटर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: गाडी चालवू नका, टो करून न्या किंवा फिटरला घरी बोलवा. ब्रेकच्या दोन स्वतंत्र शाखा असतात, एक गेली तरी दुसरी राहते, हे खरे आहे. पण त्या उरलेल्या शाखेवर गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागते आणि आपला रस्ता सपाट नाही. शिवाय गळका पाईप फुटतो तो साध्या ब्रेकने नव्हे, तर समोर अचानक गुरे आल्यावर जिवाच्या आकांताने दाबलेल्या ब्रेकने, कारण त्या क्षणी पाईपमधील दाब शंभर बारच्या घरात जाऊ शकतो.

आता तुकड्याविषयी. तांब्याची नळी मऊ असते, सहज वाकते, म्हणून ती कारागिरांना आवडते. परंतु सततच्या कंपनाने तांबे कडक होत जाते आणि शेवटी त्याला तडा जातो. दाबून बसवायचे जे जॉइंट पाण्याच्या किंवा गॅसच्या नळीला चालतात, ते ब्रेकच्या दाबासाठी बनवलेलेच नसतात. त्याहून मोठी अडचण अशी की, क्लिपखाली तांबडी माती आणि खारे पाणी अडकून एका जागी पाईप सडला असेल, तर त्याच पाईपवरील उरलेल्या क्लिपांखाली वेगळे काही घडले असण्याचे कारण नाही. आज एक वीत कापाल आणि पुढच्या पावसाळ्यात दुसरी. त्यामुळे एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंतचा संपूर्ण पाईप बदला, आणि शेजारून जाणारा दुसरा पाईपही त्याच वेळी क्लिपा सोडवून तपासा.

पाईप बाहेरून ४.७५ मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंच जाडीचा असतो. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा पाईप मिळाला तर तोच घ्या. त्यात साधारण १० टक्के निकेल असते, हाच मिश्रधातू जहाजांवर समुद्राच्या पाण्याच्या नळ्यांसाठी वापरतात, आणि व्होल्व्होने सत्तरच्या दशकापासून ब्रेकसाठी तो वापरला आहे. मात्र जोडात घट्ट बसण्यासाठी पाईपचे तोंड दुहेरी दुमडून फुलवावे लागते; एकेरी फुलवलेले तोंड या दाबाला पुरत नाही. जुन्या पाईपचे तोंड शेजारी धरून नव्याचा आकार जुळतो का ते पाहा. तोंड फुलवण्याआधी नट पाईपवर ओवलेला असावा, हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल, पण चाळीस वर्षांत ही चूक मीही दोनदा केली आहे.

सांगलीचे वाचक

वरील सल्ला योग्य आहे, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. तोंड फुलवण्याचे चांगले साधन आणि सवयीचा हात जवळ नसेल, तर हाताने केलेल्या मिश्रधातूच्या पाईपपेक्षा नटांसह तयार मिळणारा पोलादी पाईप अधिक भरवशाचा. ही गाडी २०१४ पर्यंत बनत होती आणि तिचे सुटे भाग अजून मिळतात. पोलाद पुन्हा गंजेल हे मान्य, परंतु बसवण्यापूर्वी रंग आणि नंतर मेणयुक्त गंजरोधक लावल्यास तो बरीच वर्षे टिकतो.

कोकणात पावसाळ्यापूर्वी गाडीखाली जुने इंजिन ऑईल फवारण्याची पद्धत आहे, ती ब्रेकच्या आसपास टाळावी. खनिज तेलाने ब्रेकचे रबरी होज फुगतात आणि आतून बंद होऊ लागतात.

जुना फिटर

तयार पाईपचा मुद्दा मान्य आहे. वाईट फुलवलेल्या तोंडापेक्षा पोलाद केव्हाही बरे.

नट सोडवताना फिक्स पाना लावू नका. कडा लगेच मार खातात. तोंडाशी चीर असलेला रिंग पाना वापरा आणि आदल्या रात्री गंज सैल करणारे तेल सोडून ठेवा. नटासोबत पाईपही फिरू लागला तर जबरदस्ती न करता पाईप नटालगत कापा आणि सॉकेट लावून नट काढा, कारण पाईप नाहीतरी टाकायचाच आहे. नवा पाईप बसवल्यावर ब्रेक ऑईलमध्ये शिरलेली हवा काढताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा: इतक्या वर्षांच्या मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑईलवर दाब देणाऱ्या नळकांड्यात, पेडल नेहमी जाते त्यापलीकडचा भाग खरबरीत झालेला असतो, आणि तेथपर्यंत पेडल दाबले की आतले रबर फाटते. सांडलेले ब्रेक ऑईल ताबडतोब पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलेल.

गुहागरकर

दोघांचेही आभार. गाडी टो करून नेली आणि तयार पोलादी पाईप बसवला. क्लिपा काढल्यावर टाकीमागच्या क्लिपखालीही पाईप खरवडल्यासारखा खड्डेदार झालेला आढळला. वरून मात्र तो रंगासकट शाबूत दिसत होता. डाव्या मागच्या चाकाकडील पाईपचा नट काही केल्या सुटला नाही, त्यामुळे तो ज्यात बसतो तो चाकातील ब्रेकचा सिलिंडरही (व्हील सिलिंडर) बदलावा लागला. आता इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरले तरी ते खाली जात नाही, आणि प्रत्येक जोडाभोवती गुंडाळलेला कागद दोन दिवसांनंतर कोरडाच निघाला. पुढच्या चाकांचे रबरी होज मूळचेच आहेत आणि वाकवल्यावर त्यांवर बारीक भेगा दिसतात. तेही मागवले आहेत.