हॉट टब घ्यायचाय: आईचे गुडघे, मिशिगनचा हिवाळा आणि १२० की २४० व्होल्ट?

नमस्कार मंडळी,

आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. आई आता कायमची आमच्याकडे आली आहे. तिचे दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेत, थंडी सुरू झाली की जिना उतरताना कठडा सोडवत नाही. तिचं माहेर संगमेश्वरकडचं, तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडाची तिला सवय. गरम पाण्यात पाय सोडले की सगळ्यात बरं वाटतं, असं ती सारखी म्हणते. डॉक्टरांना विचारलं. बसायला हरकत नाही म्हणाले, पण बीपीची गोळी चालू आहे म्हणून पाणी १०० फॅरनहाइटच्या वर नको (टब १०४ पर्यंत जातात) आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरे, तेही सोबत कुणी असताना. तर घरीच हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात बसायचा मोठा टब, घ्यायचं ठरवलंय.

दुकानं फिरून मात्र डोकं भणभणलंय. जो तो जेट्स (पाण्याचे जोरदार झोत सोडणारी तोंडं) किती ते मोजून दाखवतो. साठ जेट्स आणि पंप एकच, मग प्रत्येक जेटला जोर कुठून मिळणार, यावर एकाही सेल्समनने धड उत्तर दिलं नाही. एका प्रदर्शनात तर "आज सही केलीत तरच हा भाव" असं चालू झालं, तेव्हा आम्ही सरळ बाहेर पडलो.

आमच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक चारजणांचा, साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालणारा, ३०० गॅलनचा. दुसरा पाचजणांचा अॅक्रिलिकचा, ३५० गॅलनचा. त्याला २४० व्होल्ट आणि ५० अँपिअरचा वेगळा ब्रेकर लागतो, म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि परमिट आलंच. किंमत दुपटीहून जास्त. पैसे घालायला आमची ना नाही, पण ते आईच्या उपयोगी पडायला हवेत.

अडलंय ते असं. अहोंना टब डेकवर (घराला लागूनच्या लाकडी ओट्यावर) हवाय, म्हणजे स्वयंपाकघरातून दार उघडलं की चार पावलांवर. मी हिशेब मांडला: ३५० गॅलन पाणी म्हणजे जवळजवळ २,९०० पौंड, रिकामा टब ८०० आणि माणसं धरून साधारण ४,५०० पौंड. सात बाय सात फुटांवर हे वजन म्हणजे चौरस फुटाला नव्वदच्या वर. घरांचे डेक साधारणपणे ४० पौंडांच्या हिशेबाने बांधतात असं वाचलंय. मग खाली काँक्रीटचा स्लॅब घालायचा का? पण तसं केलं तर आईला बर्फातून चालत जावं लागेल.

दुसरं म्हणजे टबची भिंतच तीन फूट उंच. आईची उंची जेमतेम पाच फूट. ती आत कशी उतरणार आणि ओल्या पायांनी बाहेर कशी येणार, याचीच मला सगळ्यात जास्त काळजी आहे. कुणाच्या घरी वयस्कर माणसं टब वापरत असतील तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, आमचा टब मिनेसोटात आहे आणि माझे वडील हिवाळाभर त्यात बसतात, म्हणून लिहितोय.

तुमच्याकडच्या थंडीत १२० व्होल्टचा घेऊ नका. त्याचा हीटर साधारण एक किलोवॉटचा, ३०० गॅलन पाणी तासाला जेमतेम सव्वा-दीड डिग्री फॅरनहाइटने तापणार. नवं पाणी ५० डिग्रीवरून १०० वर न्यायला दीड दिवस लागेल, आणि तोही झाकण घट्ट असेल तर. शिवाय बऱ्याच मॉडेलांत जेट्स जोरात चालू केले की हीटर बंद राहतो, म्हणजे आई बसल्या बसल्याच पाणी निवायला लागेल. २४० वर दोन्ही एकदम चालतं. त्याचा डिस्कनेक्ट स्विच (वीज तोडायचं बटण) टबपासून निदान पाच फुटांवर, पण नजरेच्या टप्प्यात लागतो. इलेक्ट्रिशियनला ते माहीत असतंच.

डेकचा तुमचा हिशेब बरोबर आहे. डेकच्या कडेला लागूनच स्लॅब घाला. टबचा काठ डेकपेक्षा दीडेक फूट वर राहील असं बघा. मग आईंना डेकवरूनच काठावर टेकून पाय आत फिरवता येतात, तीन फूट चढायला लागत नाही. फक्त मोटर आणि हीटर ज्या बाजूला आहेत ती मोकळी ठेवा, नाहीतर दुरुस्तीला डेक उखडावा लागेल. कठडा टबच्या बुडाखाली सरकवून बसवायचा मिळतो. तो टब ठेवतानाच बसवून घ्या, भरल्यावर कोण हलवणार?

झोपायची सीट, म्हणजे लाउंजर, असलेला मुळीच घेऊ नका. पाच फुटाच्या माणसाचे पाय पुढे टेकत नाहीत, पाणी अंगाला वर उचलतं आणि माणूस तरंगायला लागतो. बऱ्याच दुकानांत भरलेल्या टबमध्ये बसून बघता येतं, आधी वेळ ठरवा आणि आईंना घेऊनच जा. उंच सीट आहे का तेही बघा, छातीपर्यंत पाणी नको वाटलं की तिथे बसता येतं.

पाण्याकडे मात्र दुर्लक्ष नको. क्लोरीन किमान ३ पीपीएम (दहा लाख भागांत ३ भाग), पीएच (पाण्याची आम्लता) ७ ते ७.८, तपासणीची पट्टी बुडवून नियमित बघायचं. कोमट पाण्यात जंतू फार पटकन वाढतात, लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू वयस्कर माणसांना महागात पडतो. मिठाची सिस्टीम घेतलीत तरी तीही क्लोरीन किंवा ब्रोमीनच बनवते, तपासणी चुकत नाही. पाणी तीन-चार महिन्यांनी बदलायचं असतं. ते नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास बदला, म्हणजे भर जानेवारीत टब रिकामा करायची वेळ येणार नाही.

धागाकर्ती:

दादा, मनापासून आभार! डेकला लागून स्लॅब ही गोष्ट आम्हाला सुचलीच नव्हती, अहोंनाही पटली. शनिवारी आईला घेऊन दुकानात बसून बघणार आहोत. आता एवढंच सांगा, वडिलांसाठी कठडा एकाच बाजूला आहे की दोन्ही? आईचा उजवा गुडघा जास्त दुखतो, मग आधाराचा हात कुठल्या बाजूला ठेवावा?