शब्दचर्चा : ‘उडती तबकडी’, ‘अज्ञात वस्तू’, ‘परग्रहवासी’ यांतला कोणता शब्द कुठे?

कोशप्रेमी : शाळेच्या भित्तिपत्रकासाठी यूएफओवर (अनआयडेंटिफाइड फ्लाइंग ऑब्जेक्ट) टिपण लिहायला घेतलंय आणि पहिल्याच ओळीत अडले आहे. ‘उडती तबकडी’ म्हटलं की वस्तूचा आकार आपणच ठरवून मोकळे होतो. ‘अज्ञात उडती वस्तू’ म्हटलं की आठवीतली मुलं लगेच विचारतात, “म्हणजे एलियनचीच ना, बाई?” दुसरी अडचण अशी की या गोष्टींकडे शंकेने पाहणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? ‘संशयवादी’ हा शब्द पाठ्यपुस्तकात शोभतो, पण बोलताना कोणी वापरत नाही. आपण काय वापरता?

दुर्बीण : तबकडीपासूनच सुरू करतो, कारण या शब्दाचा जन्म तारखेनिशी सांगता येतो. २४ जून १९४७. केनेथ आर्नल्ड नावाचा खाजगी वैमानिक अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ स्वतःचं छोटं विमान घेऊन हरवलेलं एक लष्करी विमान शोधत होता. त्याला नऊ चकाकत्या वस्तू एका रांगेत जाताना दिसल्या. दोन शिखरांमधलं अंतर आणि त्यांना लागलेला वेळ यावरून त्याने वेगाचा अंदाज काढला, तो ताशी १,९०० किलोमीटरच्या पुढे गेला. तेव्हाचं कुठलंच माहितीतलं विमान एवढं वेगवान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओरेगॉनमधल्या पेंडल्टन गावी त्याने बातमीदारांना हे सांगितलं. त्या वस्तू हेलकावे घेत, पाण्यावर फेकलेली बशी टप्पे खात जावी तशा जात होत्या, असं त्याचं म्हणणं होतं. बशी आली ती चालीच्या वर्णनात. लष्कराला त्याने जे चित्र काढून दिलं त्यातला आकार पूर्ण गोल नाही. पुढून गोलसर आणि मागे निमुळता होत गेलेला आहे. वर्तमानपत्रांनी मात्र बशी उचलली, तिला ‘उडती’ हे विशेषण लावलं आणि चालीचा झाला आकार. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. पुढच्या काही आठवड्यांत अमेरिकेत शेकडो लोकांनी काहीतरी दिसल्याचं कळवलं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना गोल, चपटी बशीच दिसली. आर्नल्डने न सांगितलेला आकार!

आपल्याकडे बशी असताना तबकडी का आली, याचा लेखी पुरावा माझ्याकडे नाही. माझा तर्क असा की घड्याळाची तबकडी आणि ग्रामोफोनची तबकडी तोवर मराठीत रुळली होती. चपटं, गोल, फिरणारं असं काही म्हटलं की तोच शब्द ओठांवर येणार. बशी बिचारी चहाच्या कपाखालीच राहिली. तेव्हा इतिहास लिहिताना ‘उडती तबकडी’ जरूर वापरा, पण १९४७ च्या त्या लाटेपुरतीच. आज आकाशात दिसलेल्या दिव्याला तबकडी म्हणू नका.

झाडीपट्टी : आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं सांगतो, कारण त्या दिवशी लोकांच्या तोंडी कोणकोणते शब्द आले ते मी कानांनी ऐकले आहेत. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास सगळं गाव अंगणात होतं. आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांगच्या रांग सरकत गेली. पुढे मोठे गोळे, मागे बारीक ठिणग्यांची शेपटी. पोरं ओरडत होती, “जळत जाऊन राह्यलं, पहा पहा!” पहिला शब्द आला ‘विमान पडलं’. मग कोणी ‘उल्का’ म्हणालं. मोबाइलवर व्हिडिओ फिरायला लागले तसा ‘एलियन’ आला. नागपूर, अकोला, जळगावपर्यंत लोकांनी तेच पाहिलं होतं.

त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं एक भलंमोठं कडं पडलेलं सापडलं. आसपासच्या गावांतून गोळेही मिळाले. कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेलं, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहून गेले. ते अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या चांग झेंग ३-बी रॉकेटच्या टप्प्याचे असावेत, असं अशा अवशेषांचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी लगेच सांगितलं होतं.

उल्का आणि हे, यातला फरक शिकवायचा असेल तर वेग पाहायला सांगा. उल्का डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच विझते. हे मात्र बोट दाखवून शेजाऱ्याला बोलवायला वेळ मिळेल इतकं सावकाश गेलं. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू वातावरणात आडवी शिरते, तिचा वेग सेकंदाला आठेक किलोमीटर. उल्का याहून बऱ्याच जास्त वेगाने येते.

कोशप्रेमी : हे कड्याचं उदाहरण टिपणात घेते. पण मूळ प्रश्न उरलाच. ‘अज्ञात’, ‘अनोळखी’ की आणखी काही?

दुर्बीण : ‘अज्ञात’ हा शब्द आपण रोज पेपरात वाचतो. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार जखमी.’ तिथे वाचणाऱ्याच्या मनात काय येतं? ट्रक असेल, टेम्पो असेल, चालक पळून गेला असेल. वाहन या जगातलंच आहे, कोणतं ते कळलं नाही, एवढाच अर्थ. तोच शब्द आकाशातल्या वस्तूला लावला की अर्थ एकदम ‘मानवी ज्ञानापलीकडची’ असा होतो. शब्दात काही बदललेलं नाही, बदलली ती आपली अपेक्षा. म्हणून मी ‘ओळख न पटलेली वस्तू’ असं लिहितो. लांबट आहे खरं, पण ‘ओळख पटणे’ या क्रियेला ओळखणारा माणूस लागतो. पटली नाही म्हणजे कोणाला तरी अजून पटलेली नाही. उद्या पटू शकेल.

आकडे वाचतानाही हेच भान लागतं. अमेरिकी हवाई दलाच्या ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ या यूएफओ-चौकशीत १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी झाल्या, त्यातल्या ७०१ ची ओळख पटली नाही. या ७०१ चं मराठीत हटकून होतं ‘७०१ उडत्या तबकड्या दिसल्या’. खरा अर्थ इतकाच की तेवढ्या नोंदींपुरती मिळालेली माहिती निर्णयाला पुरली नाही. जून २०२१ च्या अमेरिकी गुप्तचर खात्याच्या अहवालात १४४ नोंदी होत्या आणि एकाच प्रकरणाचा उलगडा झाला होता. तो हवा जात असलेला मोठा फुगा निघाला. उरलेल्या १४३ परग्रहावरच्या, असं अहवालात कुठेही नाही.

तिकडे आता ‘वस्तू’ हा शब्दही सरकारी कागदांतून मागे पडला आहे. आधी ‘हवेतल्या’ आणि मग ‘असाधारण’ घटना किंवा आविष्कार अशा अर्थाचा शब्दप्रयोग आला, कारण दिसलेलं प्रत्येक वेळी वस्तूच असतं असं नाही. कॅमेऱ्याच्या भिंगातलं परावर्तनही असतं. शाळेच्या टिपणात मात्र ‘घटना’ म्हणून गुंता वाढवू नका.

सड्यावरचा : रत्नागिरीकडचा एक जुना धागा जोडतो. आमच्याकडे रात्री रानात दूरवर हलते दिवे दिसले की म्हातारी माणसं वेताळाची पालखी निघाली म्हणत. मशाली घेऊन त्याचे गण चालतात, वाटेत आडवं जाऊ नये, असं सांगत. आग्यावेताळ हा शब्दही आहेच. आज तसाच दिवा आकाशात दिसला तर माझा पुतण्या ‘यूएफओ’ म्हणतो. दिवा खोटा नसतो, त्याला नाव देणारा काळ बदलतो. म्हणून यूएफओ दिसल्याचं सांगणाऱ्याला सरळ ‘अंधश्रद्धाळू’ म्हणणं मला पटत नाही. आजी खोटं बोलत नव्हती.

दुर्बीण : पूर्ण सहमत, आणि याला आपल्या व्याकरणाची साथ आहे. मराठीत आपण ‘मला उजेड दिसला’ म्हणतो, आणि ‘मी तबकडी पाहिली’ असंही म्हणतो. पहिल्या वाक्यात अनुभव आहे, दुसऱ्यात निवाडा मिसळलेला आहे. साक्षीदाराचं बोलणं टिपताना पहिलं वाक्य मिळेपर्यंत विचारत राहावं : किती वाजता, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती वर, किती वेळ?

लडाखचं उदाहरण द्या. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात सीमेवरच्या एका सरोवरावर आपल्या जवानांनी उडत्या वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या. चिनी टेहळणी विमानं असावीत, असा संशय होता. बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा ते गुरू आणि शुक्र निघाले. जवानांचे डोळे चांगले होते, नोंदी शिस्तशीर होत्या, म्हणूनच तर उलगडा झाला. उंचावर हवा विरळ, ग्रह जास्तच तेजस्वी दिसतात. आणि काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली की स्थिर ठिपकासुद्धा हलल्यासारखा वाटतो. हे कोणाच्याही डोळ्यांचं होतं.

मुक्तछंद : तुम्ही सगळे ग्रह आणि फुग्यांवर ढकलताय. अमेरिकेतल्या रॉझवेलला १९४७ मध्ये तबकडी पडली म्हणतात, त्याचं काय? २०२३ मध्ये अमेरिकेच्या संसदेपुढे माजी गुप्तचर अधिकारी डेव्हिड ग्रश सरकारकडे मानवेतर यानं असल्याचं शपथेवर बोलले त्याचं काय? सरकार लपवतं, हे तरी मान्य करा.

दुर्बीण : लपवलं होतं, हे मान्यच आहे. पण ‘लपवणे’ हे सकर्मक क्रियापद आहे, काय लपवलं ते सांगावं लागतं. ८ जुलै १९४७ ला रॉझवेलच्या हवाई तळानेच ‘उडती तबकडी हाती लागली’ असं पत्रक काढलं आणि लगोलग ‘हवामानाचा फुगा’ अशी दुरुस्ती केली. ही दुरुस्ती अर्धवट होती. १९९४ मध्ये हवाई दलाने सांगितलं की तो ‘प्रोजेक्ट मोगल’मधल्या फुग्यांच्या माळेचा अवशेष असण्याची दाट शक्यता आहे. सोव्हिएत अणुस्फोटांचे ध्वनी उंच हवेत टिपायचे, असा तो प्रकल्प. म्हणजे लोकांना आलेला वास बरोबर होता, पदार्थ वेगळा होता.

इथे आपल्या भाषेतले दोन शब्द कामाला येतात, ‘गुप्त’ आणि ‘गूढ’. गुप्त गोष्ट कोणाला तरी ठाऊक असते आणि तो ती झाकतो. गूढ गोष्ट अजून कोणालाच उलगडलेली नसते. बातम्यांत ‘अमेरिकेचं गूढ रहस्य’ असं लिहून दोन्ही कालवतात. रॉझवेल गुप्त होतं. ब्लू बुकमधल्या ७०१ पैकी काही प्रकरणं खरोखर गूढ असतील. ग्रश यांनी शपथेवर सांगितलं ते इतरांकडून कळलेलं होतं. मानवेतर यान त्यांनी स्वतः पाहिल्याचं सांगितलं नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या कार्यालयाने जुन्या सगळ्या चौकशांचा आढावा घेऊन परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा सापडला नाही, असं नोंदवलं. त्या खात्यावर भरवसा नसेल तर नका ठेवू. पण मग तुकडा, नमुना, स्वतंत्र प्रयोगशाळेतली तपासणी असं काहीतरी पुढे यायला हवं. लाडबोरीचं कडं कोणीही हात लावून पाहू शकत होतं.

मुक्तछंद : गुप्त-गूढ पटलं. पण एवढ्या विश्वात आपण एकटेच, हे मला पटत नाही.

दुर्बीण : मलाही पटत नाही! पण तो वेगळा प्रश्न आहे. ‘आहेत का?’ आणि ‘आले का?’ ही दोन क्रियापदं कृपा करून वेगळी ठेवू या. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीचे पाच हजारांहून जास्त ग्रह आज नक्की झालेले आहेत. कुठेतरी जीवसृष्टी असेल, असं बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना वाटतं. आपल्या जयंत नारळीकरांसारख्या वैज्ञानिकाने तर हैदराबादहून मोठे फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले आणि त्यात सूक्ष्मजीव शोधले, ते कदाचित बाहेरून येत असतील या शक्यतेपोटी. हा ‘आहेत का’चा प्रामाणिक शोध आहे, आणि त्यासाठी तबकडी मानावी लागत नाही. ‘आले का’ला अंतर आडवं येतं. सूर्य सोडला तर सर्वात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं दूर. व्हॉयेजर-१ या अवकाशयानाच्या वेगाने तेवढं अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षं लागतील. ‘परग्रहवासी’ हा शब्द ‘आहेत’साठी चांगला आहे. आकाशातल्या दिव्यासाठी वापरला की न विचारताच ‘आले’ असं उत्तर देऊन बसतो.

याच कारणाने ‘यूएफओवर विश्वास आहे का’ हा प्रश्न मला नको वाटतो. ओळख न पटलेल्या वस्तू दिसतात, यात विश्वासाचा संबंधच नाही. मुलांना विचारा, ‘पृथ्वीवर परग्रहावरून कोणी आलं होतं असं तुम्हाला वाटतं का? कशावरून?’ ‘कशावरून’ विसरू नका.

सड्यावरचा : ‘संशयवादी’चं राहिलं. बोलीत ‘संशयी’ म्हणजे बायकोचा फोन तपासणारा नवरा, त्यामुळे तो शब्द बाद. ‘नास्तिक’ तर पूर्णच वेगळा. मी ‘चिकित्सक’ म्हणेन. त्यात तपासून पाहणं येतं आणि पुरावा मिळाला तर मत बदलणंही येतं.

कोशप्रेमी : ‘चिकित्सक’ घेते, मुलांना ‘चिकित्सा’ धड्यातून ओळखीचा आहे. शेवटची शंका. यूएफओचं लिंग कोणतं? मुलांच्या वह्यांत ‘यूएफओ दिसला’, ‘दिसली’ आणि ‘दिसलं’ असं तिन्ही आहे.

झाडीपट्टी : आमच्याकडे ‘दिसला’च म्हणतात.

दुर्बीण : ‘दिसली’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात तबकडी किंवा वस्तू असते, ‘दिसला’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात गोळा किंवा दिवा. मी नपुंसकलिंग घेईन. काय आहे ते ठाऊक नसतं तेव्हा मराठी माणूस आपोआप ‘काहीतरी दिसलं’ असंच म्हणतो. वह्या तपासताना मात्र तिन्ही बरोबर धरा, एका वाक्यात एकच लिंग राहिलं म्हणजे झालं.