मदत हवी आहे : वेब डिझायनर पारखायचा कसा? (जरा तातडीचं)

रंधा
नमस्कार मंडळी,
छोटा व्यवसाय आहे, वेबसाइट करून घ्यायचीय. तिघांकडून कोटेशन मागवली आणि तिघांचे आकडे एकमेकांच्या आसपासही नाहीत, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यात सरळ चौपटीचा फरक. आणि लिहिलंय मात्र तिघांनी तेच, रिस्पॉन्सिव्ह, एसईओ फ्रेंडली, मॉडर्न लुक, अनलिमिटेड करेक्शन्स. मग चौपट कशाचे? या लोकांचं डॉक्टर-वकिलांसारखं काही लायसन्स असतं का जे बघता येईल? एक जण म्हणतो मी सर्टिफाइड आहे, कशाचा ते काही कळलं नाही. त्याचीच ऑफर शुक्रवारपर्यंत आहे. प्लीज थिअरी नको, कोणाला हो म्हणू तेवढं सांगा.

खटपट्या
कसला व्यवसाय? ऑनलाइन विकायचंय की नुसती माहिती द्यायचीय? फोटो आणि मजकूर कोण देणार? आधीची साइट आहे की कोरी पाटी? यातलं काहीच न सांगता 'कोणाला हो म्हणू' म्हणजे पेशंट न दाखवता औषध लिहून द्या म्हटल्यासारखं झालं. कृहघ्या (कृपया हलके घ्या).

निवांत_बसलोय
वेबसाइट हवीच कशाला? गूगलचं बिझनेस प्रोफाइल काढा, फुकट आहे, नकाशावर दिसता, लोक रिव्ह्यू टाकतात, फोन येतात. मी आजवर साइटवर दमडी खर्च केलेली नाही आणि काहीही अडलेलं नाही.

खटपट्या
@निवांत, प्रोफाइल काढावंच, पण त्याच्यावरच सगळी भिस्त ठेवू नका. त्या प्रोफाइलवरून गूगल एक फुकट छोटी साइटही करून द्यायचं, आठवतंय? मार्च २०२४ मध्ये बंद केल्या सगळ्या. ज्यांनी तोच पत्ता कार्डावर छापला होता ते बसले हात चोळत.

कोडगा
माझं स्पष्ट मत, वर्डप्रेस (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पाच पानांच्या साइटला डेटाबेस, पंचवीस प्लगिन (वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर) आणि पेज बिल्डर कशाला लागतो? साधं एचटीएमएल-सीएसएस, म्हणजे वेबपानाचा मूळ कोड, हातानं लिहून देणारा शोधा. हॅक होण्यासारखं त्यात फारसं काही नसतं, अपडेटची कटकट नाही, उघडतेही पटकन.

प्लगिनवाला
आले कोडगेराव. अहो आणि उद्या त्यांना कामाच्या वेळा बदलायच्या झाल्या की काय करायचं, डिझायनरचे पाय धरायचे? वर्डप्रेस २००३ पासून आहे, मुक्त स्रोत आहे, हा डिझायनर पळाला तर दुसरा मिळतो. तुमचं हातानं लिहिलेलं कोण उलगडत बसणार?

कोडगा
एचटीएमएल उलगडता न येणाऱ्यानं स्वतःला वेब डिझायनर म्हणवून घेऊच नये. आणि तुमच्या त्या क्रॅक केलेल्या थीम्स (साइटचे तयार साचे), ज्यात मालवेअर आयतंच भरून येतं, त्याबद्दलही दोन शब्द लिहा की.

प्लगिनवाला
क्रॅक थीम वापरणारा चोर आहे, त्यात वर्डप्रेसचा काय दोष? उगाच काहीही.

रंधा
वर्डप्रेस की आणखी काय ते त्यांचं ते ठरवतील, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. व्यवसाय म्हणजे जुन्या लाकडी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश. ऑनलाइन विक्री नाही. आधीचा आणि नंतरचा असे फोटो दाखवायचेत, लोकांनी आपल्या खुर्चीचा-कपाटाचा फोटो पाठवून अंदाज विचारावा, एवढंच. आता सांगा कोण.

सुईदोरा
दादा, मी कपडे अल्टरेशनचं काम करते, दोनदा साइट करून झाली म्हणून सांगते. लायसन्स वगैरे काही नसतं, कोणीही पाटी लावू शकतं. तो सर्टिफाइडवाला बहुतेक गूगल ॲड्सचं सर्टिफिकेट दाखवत असेल, पण ती परीक्षा जाहिरातींची असते आणि वर्षभरच चालते, डिझाइनशी त्याचा संबंध नाही. त्यापेक्षा त्यांनी दिलेले जुने नमुने मोबाइलवर उघडा, वायफाय बंद करून. मी असंच बघत बसले होते तर एकाच्या 'आमची कामे'मधल्या एका साइटच्या टॅबवर 'जस्ट अनदर वर्डप्रेस साइट' तसंच राहिलेलं आणि खाली थीमच्या डेमोमधला फोन नंबर! म्हणजे ज्या धंद्याची साइट त्याला फोन करायला गेलात तर भलतीकडेच लागणार. दुसऱ्याच्या यादीतल्या निम्म्या साइट उघडतच नव्हत्या. फोटो मात्र फार सुरेख लावलेले.
आणि जुन्या गिऱ्हाइकांना फोन करा. 'काम कसं वाटलं' असं विचारू नका, सगळे चांगलंच म्हणतात. साइट बंद पडली होती का कधी, तेव्हा त्यानं किती वेळात उचलला फोन, हे विचारा.

खटपट्या
+१ सुईदोराताई. यात एवढंच घालतो की नमुना दाखवला की 'यातलं तुम्ही नक्की काय केलंत' हे विचारायचं. पाच जणांच्या टीमनं केलेली साइट पाचही जण आपापल्या यादीत लावतात, एकानं नुसते आयकॉन काढलेले असतात. खोटं नसतं ते, पण तुमच्या कामाचं नसतं.
@रंधा, एक प्रश्न राहिलाच. आधीची साइट आहे का?

चष्मिष्ट
फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून घ्या हं. आणि लोगोचा फॉन्ट कुठला घेताय? फुकट उतरवलेले बरेच फॉन्ट फक्त खासगी वापरासाठी असतात, धंद्यात वापरायला वेगळं लायसन्स लागतं.

रंधा
लोगोचं कोणी विचारलंय का.
साइट आहे हो, म्हणून तर नवीन करतोय. जुनी ज्यानं केली तो गेले कित्येक महिने फोन उचलत नाही. फोटो बदलायचे राहिलेत, नंबर जुना आहे.

खटपट्या
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं महाराज! डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे?

रंधा
त्याच्याकडेच असणार, दरवर्षी तोच पैसे मागायचा. नवीनवाले म्हणतात डोमेनची काळजी करू नका, आम्ही बघू. ई-मेलही त्याच पत्त्यावर आहे, त्यावरच लोक फोटो पाठवतात.

सुईदोरा
अरे देवा.

निवांत_बसलोय
म्हणून म्हणत होतो, बिझनेस प्रोफाइल.

गाठसोडवा
एरवी फक्त वाचतो, पण आता लिहितो, कारण इथे डिझायनर निवडणं हा दुसरा प्रश्न आहे, पहिला प्रश्न डोमेनचा. ते हातातून गेलं तर कार्डावरचा पत्ता आणि ई-मेल दोन्ही एका फटक्यात जातील. नवीन साइट कितीही देखणी झाली तरी लावणार कुठे?
आजच आयकॅनच्या (डोमेन नावांचं काम बघणारी संस्था) लुकअप पानावर जाऊन डोमेनचं नाव टाका. मालकाचं नाव बहुधा दिसणार नाही, प्रायव्हसीमुळे झाकलेलं असतं, पण रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) कोण आणि मुदत कधी संपते या दोन गोष्टी दिसतील. त्या लिहून ठेवा. मग जुन्या डिझायनरला लेखी, म्हणजे ई-मेलनं, मागणी करा की डोमेन माझ्या खात्यात हलवा नाहीतर लॉक काढून ट्रान्सफर कोड द्या. उत्तर नाहीच आलं तर रजिस्ट्रारला लिहा आणि त्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या, जुने मेल, धंद्याच्या नावाचे कागद जोडा. रजिस्ट्रार लगेच काढून देईल असं समजू नका, त्याच्या दृष्टीनं ज्याचं नाव नोंदलंय तोच मालक. पण जर नोंदणी तुमच्या नावावर असेल आणि फक्त लॉगिन त्याच्याकडे असेल तर गोष्ट बरीच सोपी. हे रजिस्ट्रारच सांगू शकतो, इथे कोणी नाही.
मुदत संपू देऊ नका म्हणजे झालं. डॉट कॉमसारखं डोमेन रजिस्ट्रारनं काढून टाकलं तरी पुढचे ३० दिवस जुन्या मालकाला सोडवून घेता येतं, पण दंड भरून, आणि इथे 'जुना मालक' म्हणजे कदाचित तोच फोन न उचलणारा. देशाच्या नावाच्या डोमेनांचे नियम आणखी वेगळे.

प्लगिनवाला
सविस्तर प्रतिसाद, आवडला. भर घालतो, डोमेन मिळालं की नवीन डिझायनर नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथे असतात तो सर्व्हर) बदलेल तेव्हा जुन्या एमएक्स नोंदी (मेल कुठे पोचवायचे ते सांगणाऱ्या) आधी उतरवून घ्यायला सांगा. नाहीतर साइट झकास दिसेल आणि ई-मेल गप्प. दोन दिवस वाटतं की हल्ली गिऱ्हाईक कमी झालंय.

कोडगा
याबाबतीत प्लगिनवाल्यांशी सहमत. (हेही दिवस बघायचे होते.)
आणि रजिस्ट्रारच्या खात्याला जो ई-मेल देणार तो त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं की पासवर्ड रीसेटचा मेल त्याच बंद पडलेल्या पत्त्यावर जातो, मग बसा.

रंधा
ठीक आहे, हे करतो. पण तिघांतला कोण?? पहिला, म्हणजे शुक्रवारवाला, गूगलवर पहिला नंबर गॅरंटीनं देतो, एसएसएलचे वेगळे पैसे लावलेत, बाकी सगळ्यात स्वस्त. दुसरा मधला, त्यानं कोटेशन द्यायच्या आधी फोनवर पाऊण तास खाल्ला, गिऱ्हाईक आल्यावर पहिला प्रश्न काय विचारतं, कुठलं काम तुम्ही घेत नाही, फोटो कोण काढतं असल्या चौकश्या. तिसऱ्याची कंपनी मोठी आहे, चकचकीत पीडीएफ आलीय, माणूस कोण भेटणार ते माहीत नाही.

सुईदोरा
तुम्हीच तर उत्तर लिहिलंत की. ज्यानं 'कुठलं काम घेत नाही' असं विचारलं त्याला साइट कशासाठी असते ते कळतं. मला पहिल्या वेळी जो भेटला होता त्यानं एकच प्रश्न विचारला होता, आवडता रंग कुठला.

खटपट्या
पहिला नंबर गॅरंटी म्हणजे तिथेच फुली. गूगल स्वतः लिहितं की पहिल्या नंबरची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि अशी हमी देणाऱ्यांपासून सावध राहा. एसएसएल, म्हणजे साइटशी जोडणी सुरक्षित करणारं सर्टिफिकेट, तेही लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं, ९० दिवसांचं असतं आणि आपोआप नवं होतं, बहुतेक होस्टिंगवाले (साइटला सर्व्हरवर जागा देणारे) लावूनच देतात.

प्लगिनवाला
लावायची मजुरी घेतली तर त्यात गैर काय? फुकट वस्तू म्हणजे फुकट काम नव्हे.

खटपट्या
मजुरी घ्या ना, 'मजुरी' लिहून घ्या. 'एसएसएल सर्टिफिकेट वार्षिक' असं लिहून दरवर्षी नका घेऊ.

चष्मिष्ट
रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), माझ्या ब्लॉगवर स्पॅम कमेंट फार येतात, कोणी सांगेल का काय करायचं?

गाठसोडवा
@चष्मिष्ट, वेगळा धागा काढा.
@रंधा, दुसरा बरा वाटतोय, पण हो म्हणायच्या आधी त्याच्याकडून लेखी घ्या. डोमेन आणि होस्टिंग तुमच्या खात्यात, तुमच्या ई-मेलवर, त्याला फक्त वापरायची परवानगी. सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) मालक तुम्ही. थीम-प्लगिन विकत घेणार असेल तर लायसन्स कोणाच्या नावावर, आणि पुढच्या वर्षी ते कोण भरणार. काम संपल्यावर डिझाइनच्या मूळ फायली तुम्हाला मिळणार का, हे तर आधीच ठरवा, कारण पैसे दिले म्हणजे डिझाइनचे हक्क आपोआप आपल्याकडे आले असं सगळीकडे नसतं. तो विक्ससारख्या तयार प्लॅटफॉर्मवर करणार असेल तर तेही चालेल, फक्त ती साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही हे माहीत असू द्या. पैसे टप्प्याटप्प्यानं, शेवटचा टप्पा सगळे पासवर्ड तुमच्या हातात आल्यावर.
आणि तुमच्या साइटवर फोटोच फोटो असणार, तेव्हा 'आधीचा-नंतरचा' एक खरा जोड त्याला देऊन एक नमुना पान करायला सांगा, त्याचे पैसे द्या. पेजस्पीड इनसाइट्सला (पानाचा वेग मोजून शंभरपैकी गुण देणारं गूगलचं साधन) टाकून बघा, मोबाइलवर मुख्य फोटो अडीच सेकंदांच्या आत दिसतो का. शंभर गुणांचा हट्ट नको, पण पंधरा सेकंद लागले तर हा माणूस फोटोचा आकार कमी न करताच चढवतो एवढं कळतं.

कोडगा
जुन्या पानांच्या लिंक नव्या पानांवर ३०१ नं (कायमच्या रिडायरेक्टनं) वळवायला सांगा. आणि साइट चालू झाल्यावर 'सर्च इंजिनांना मनाई' ही वर्डप्रेसमधली खूण काढली का ते बघा, काम चालू असताना ती लावतात आणि तशीच विसरतात. साध्या एचटीएमएलमध्ये ही भानगडच नसते.

प्लगिनवाला
ती मनाईची खूण, म्हणजे नोइंडेक्स टॅग, एचटीएमएलमध्येच लिहितात, कोडगेराव.

कोडगा
हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

रंधा
अपडेट. लुकअप केलं, मुदत अजून आहे पण फार नाही. जुन्या डिझायनरला मेल टाकला, नेहमीप्रमाणे सामसूम. आज रजिस्ट्रारला पावत्या जोडून लिहिलं, त्यांनी धंद्याच्या नोंदणीचा कागद मागितलाय, उद्या देतो. दुसऱ्याला तुमचे प्रश्न पाठवले. सगळ्याला हो म्हणाला, मूळ फायली सोडून, त्याचे वेगळे पैसे सांगितले. आणि डोमेनचं नक्की झाल्याशिवाय ॲडव्हान्स घेणार नाही म्हणाला, नमुना पान मात्र करून देतोय. शुक्रवारवाल्याला 'नाही' म्हणून कळवलं तर त्यानं ऑफर पुढच्या शुक्रवारपर्यंत वाढवली.

सुईदोरा
मूळ फायलींचे पैसे दादा घासाघीस करून का होईना देऊन टाका.

गाठसोडवा
ई-मेलचा बॅकअप घेतलात का? होस्टिंग जुन्या माणसाच्या खात्यात असेल तर आत्तापर्यंतचे सगळे मेल तिथेच पडलेले असतील. मेल आयमॅपनं येतात (सर्व्हरवरच राहतात) की पॉपनं (तुमच्याकडे उतरतात)?

रंधा
मोबाइलवर येतात.