प्रतिसाद : पौर्णिमेच्या हाका आणि 1828 ची आग

पौर्णिमेच्या रात्री शनिवारवाड्यातून 'काका, मला वाचवा' अशा हाका ऐकू येतात आणि जाणकार खुनाची ती खोलीही दाखवतात, अशी दंतकथा सांगितली जाते. काका रघुनाथरावांना मारलेल्या या हाका ज्यांच्या मानल्या जातात, त्या नारायणराव पेशव्यांचा खून 30 ऑगस्ट 1773 रोजी झाला याबद्दल वाद नाही. परंतु तो भर दुपारी, गणेशोत्सवाच्या दिवसांत झाला, हे या दंतकथेत सोयीस्करपणे गाळले जाते. शिवाय 1828 च्या आगीत वाड्याच्या आतल्या लाकडी इमारती जळून गेल्या, त्यामुळे आज दिल्ली दरवाजातून आत गेल्यावर दिसतात ती दगडी जोती, हिरवळ आणि हजारी कारंज्याचा कोरडा हौद. मग खोली कोणती दाखवतात, हे कळायला मार्ग नाही.

मला खटकते ती गोष्ट निराळीच आहे. त्या दुपारी गारद्यांनी (वाड्यावरच्या भाडोत्री शिपायांनी) चापाजी टिळेकर या सेवकासह इतरही माणसे कापली, पण त्यांच्या किंकाळ्या कुणालाच ऐकू येत नाहीत. भुतांमध्येही मानमरातब पाळला जातो, असे म्हणायचे की काय! हाक ऐकल्याचे सांगणाऱ्यांना प्रत्येक वेळी नेमके तेच तीन शब्द ऐकू येतात, जे पुण्यातल्या शाळकरी मुलालाही आधीपासून पाठ असतात.